वरच्या गॅलरीतली शिट्टी

बाबा,

एकतीस वर्षांपूर्वी आपल्या पार्मात मी पहिल्यांदा ऑपेरा गायले. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि वरच्या गॅलरीतून एकच शिट्टी आली. शेवटचा उंच सूर मी हळूच खाली उतरवून घेतला होता. आपल्या गावात गाणाऱ्याला शिट्टी म्हणजे भर सभेत थोबाडीत. ती कोणाची, हे मला लगेच कळलं. लहानपणी त्याच शिट्टीने तुम्ही मला खेळातून घरी बोलवायचात.

थिएटरच्या दारात मी ओरडले, "पोटच्या पोरीला शिट्टी? लाज नाही वाटली?"

"चीजचं अख्खं चाक हातोडीने वाजवलं की आतली भेग मला ऐकू येते," तुम्ही म्हणालात. "जन्मभर तेच काम केलं. आता घरचं चाक म्हणून कान झाकू?"

त्यानंतर मी तुमच्याशी बोलले नाही. तो सूर मात्र पुन्हा कधी चोरला नाही. हे तुम्हाला कळवायला हवं होतं.

काल तिथेच गायले. त्याच सुरावर आवाज फाटला, तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. दयेच्या टाळ्या ओळखू येतात, बाबा. मी मान वर करून गॅलरीकडे बघत राहिले. तुम्हाला जाऊन चार महिने झालेत, हे त्या क्षणी आठवलंच नाही.

आज उरलेले सगळे कार्यक्रम रद्द केले आणि तुमच्या घरी आले. हातोडी अजून खुंटीला आहे.

या वेळी शिट्टी आली नाही. खेळ संपल्याचं माझं मलाच ऐकू आलं.

तुमची,
ऑर्नेल्ला