माइकचं बटण

३ नोव्हें., सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेचा पहिला दिवस, घसा बसला. घरी आले तर भास्कर टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेले, डाव्या अंगठ्याने रिमोटचं माइकचं बटण दाबताहेत. दाबून दाबून ते आत गेलंय, वर यायचं नाव घेत नाही. बाकीची बटणं ठीक आहेत. मी म्हटलं, बाण चालतात ना, बाणांनी शोधा काय पाहायचंय ते. माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी...

जाऊ दे. त्यांना काय पाहायचं असतं थोडंच. मेमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, जीभ जड झाली. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, रोज मोठ्याने बोला. माणसांशी बोलायला तयार नाहीत. या बटणाशी बोलतात. 'पाऊस' म्हणायचं आणि पडद्यावर काय उमटतं ते बघायचं. सुरुवातीला 'पास' यायचं, 'बस' यायचं. दिवाळीत 'जुनी गाणी' अगदी बरोबर उमटलं, तेव्हा मला हाक मारून दाखवलं होतं. हाक म्हणजे खुर्चीवर टकटक. मला टकटक, रिमोटला शब्द.

४ नोव्हें.

सेल बदलले. कापसाने पुसलं. टाचणीने बटण उचकटून पाहिलं. काही नाही.

संध्याकाळी प्राचीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. ती इंटरनेटची काडी (टीव्हीच्या मागे खुपसलेली) तिनेच आणून लावली, त्यामुळे तिला सगळं कळतं अशी आमच्या घरात समजूत आहे. आई, घराचं चित्र असलेलं बटण दाबून धर. आता सोड. आता दोन्ही एकदम धर. धरलं. रिमोटचा दिवा लुकलुकला आणि विझला. आता बाणही चालत नाहीत. सकाळी एक बटण बंद होतं, आता अख्खा रिमोट बंद. प्राची म्हणे, तुटलं कनेक्शन, नवा घ्यावा लागेल, मी बघते.

टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटने नुसता आवाज कमीजास्त होतो. केबल आपण काढून टाकलेली. पडद्यावर कुठल्यातरी परदेशी तळ्याची चित्रं बदलत राहतात. भा. जेवणापर्यंत ती बघत बसले.

६ नोव्हें., गुरुवार

हा दिवस लिहायचा नव्हता. लिहिते.

प्राचीने माझ्या फोनमध्ये रिमोटचं ॲप टाकून दिलं, त्यातही माइक आहे. तात्पुरतं चालेल बाबांना, म्हणाली. मी शाळेत गेले की फोन माझ्याबरोबर जाणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही. म्हणून संध्याकाळी फोन भा.च्या हातात दिला आणि मी भाजी निवडायला बसले. छान चाललं होतं. 'पाऊस' म्हणत होते, मग 'पावसाळा'.

तेवढ्यात शाळेतल्या शिंदे मॅडमचा फोन आला. यंदाच बदलून आल्यात, आमच्या घरचं त्यांना काही माहीत नाही. भा.च्या अंगठ्याने तो उचलला गेला, स्पीकरवर. त्यांना वाटलं ॲपच चालू आहे. ते बोलत राहिले, पावसाळा, पावसाळा, जमेल तसं. मी हात पुसत येईपर्यंत शिंदे मॅडमचा आवाज अख्ख्या खोलीत:

"कोण बोलतंय? मॅडम, घरात कोण पिऊन आलंय का?"

भा.नी फोन माझ्यापुढे धरला. रागाने नाही, सावकाश, जड भांडं द्यावं तसा.

आयुष्यात दारूला शिवले नाहीत. कंपनीच्या पार्टीतून उपाशी परत यायचे.

७ नोव्हें.

शाळेत शिंदे मॅडमना सांगितलं. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या, घरी येऊन माफी मागते म्हणाल्या. मी नको म्हटलं. येऊन काय करणार, ते समोर बसणार गप्प आणि या बोलणार मोठ्याने, बहिऱ्याशी बोलल्यासारखं. सगळेच तसं बोलतात.

स्वयंपाकाच्या मंदाबाई म्हणाल्या, "ताई, दादा आज जेवले नाय. टीव्ही बंद हाय, तरी त्याच्याकडंच त्वांड करून बसले व्हते."

कालपासून 'हं' सुद्धा नाही.

८ नोव्हें., शनिवार

सकाळची शाळा. तिथून थेट एम. जी. रोड. तीन दुकानं पालथी घातली. एकाने हुबेहूब तसाच रिमोट काढून दिला. विचारलं, माइक चालेल ना? चालेल की मॅडम, सेम टू सेम. घरी आणून प्राचीला फोन लावून, ॲपवरून एकदाचा जोडला. बाण चालले. माइकचं बटण दाबलं तर काही नाही. नीट पाहिलं. बटण नाहीच ते. माइकचं चित्र छापलंय नुसतं.

परत रिक्षा. दुकानदार म्हणे पाकीट फोडलं, आता परत घेता येत नाही. मी म्हटलं, न फोडता कळणार कसं? तो म्हणे, मॅडम, आवाजाने चालवायची गरजच काय, हाताला काय झालंय?

त्याला उत्तर दिलं असतं. पण दुकानात गर्दी होती आणि माझा आवाज चढायला लागला होता.

भा.नी तो रिमोट हातात घेतला, चित्रावर अंगठा दाबला, परत दाबला, आणि गादीखाली सरकवून दिला. तो काढून बाणांनी बातम्या लावून दिल्या मी. बघत नव्हते.

१० नोव्हें.

प्राचीने अस्सल रिमोट ऑनलाइन मागवला. आज दुपारी मेसेज, मिळाला. मी म्हटलं, घरी तर कुणी आलं नाही. आला होता, तिच्या पुण्याच्या पत्त्यावर. नेहमीचा पत्ता तोच, बदलायची विसरली.

हसू पण येईना आणि रडू पण. शनिवारी घेऊनच येते म्हणाली. शनिवारपर्यंत काय?

१२ नोव्हें., बुधवार

अर्धा दिवस रजा टाकून भा.ना स्पीचच्या मॅडमकडे नेलं, कॉलेज रोडला. पूर्ण वेळ तोंड मिटून. मॅडमनी चित्रं दाखवली: घड्याळ, छत्री, केळं. खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या माणसाने तीस वर्षं कॉलनीच्या प्रत्येक कार्यक्रमाचा माइक सांभाळला, ज्याचा आवाज विहारातून आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, त्याला केळं दाखवतात. मलाच मेल्यासारखं झालं.

बाहेर मॅडम मला म्हणाल्या, बोलणं थांबलं की आलेलं पण मागे जातं. घरी तुम्ही बोलतं करा त्यांना. तुम्ही तर पहिलीच्या मुलांना शिकवता.

मुलं शिकतात कारण त्यांना माझ्याशी बोलायचं असतं.

१३ नोव्हें.

आज भांडले. एकटीच भांडले, समोरून काही येत नसताना. पाणी हवं होतं, ग्लासाकडे बोट केलं. मी म्हटलं, तोंडाने मागा. बोट तसंच. मी ग्लास उचलून मागे ठेवला. चूक होतं, कळत होतं, तरी ठेवला. म्हटलं, त्या प्लास्टिकच्या तुकड्याशी बोलता, माझ्याशी का नाही बोलत? मी कोण आहे या घरात?

बराच वेळ ओठ हलत राहिले. मग आठवड्यात पहिल्यांदा आवाज आला.

"त्याला... घाई नाही."

तोडत, पण स्पष्ट. पाणी दिलं. आत येऊन उगाच डबे पुसत बसले.

मला घाई असते. असतेच. सकाळी पोळ्या, डबा, यांची आंघोळ, बस. 'च...' म्हणाले की मी चहा ठेवते. त्यांना चष्मा हवा असतो कधीकधी. मग मी म्हणते आधी का नाही सांगितलं.

१५ नोव्हें., शनिवार

प्राची आली. हातात खोकं, तोंडात हजार गोष्टी. आल्या आल्या टीव्हीपुढे. जुना रिमोट आधी यादीतून काढावा लागतो म्हणे, नाहीतर नवा नीट घेत नाही. पडद्यावर दोन नावं, एक जुना, एक तो एम. जी. रोडचा बिनमाइकचा. प्राची काढायला निघाली. भा.नी टेबलावरचा जुना रिमोट उचलून छातीशी धरला. ती म्हणाली, बाबा, तो मेलाय, आता फक्त नाव काढायचंय. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मी म्हटलं जरा थांब. ती म्हणाली, आई, मला उद्या निघायचंय.

काढलं. मग नवा सापडेना. गोल गोल फिरत राहिलं पडद्यावर. काडी उपटली, परत खुपसली. टीव्ही बंद, चालू. प्राचीची चिडचिड, माझी चिडचिड. शेवटी चहा झाल्यावर आपोआप जोडला गेला, का ते तिलाही सांगता आलं नाही.

जोडल्यावर तिने स्वतःच बटण दाबून भरभर काहीतरी म्हटलं. पडद्यावर अक्षर न अक्षर बरोबर. "बघा बाबा, किती पटकन घेतो." भा.नी बघितलं. नवा रिमोट घेतला, टीव्हीवरच्या फळीवर उभा करून ठेवला. जुना खिशात.

१६ नोव्हें.

प्राची दुपारच्या बसने गेली. दारात मला म्हणाली, तू बाबांना फार जपतेस, त्यांना ढकलायला पाहिजे. चार महिन्यांनी एकदा येऊन... नको. पोरगी चांगली आहे. पैसे पाठवते, फोन करते. तिला बाबांचा पूर्वीचा आवाज आठवतो, आत्ताचा ऐकवत नाही, म्हणून ती सारखी बोलत राहते. हे मला आज बस सुटल्यावर कळलं.

१८ नोव्हें., मंगळवार

शाळेतून येताना जिन्यातच आवाज. भा. बोलत होते. मी पायरीवर उभी राहिले. 'बातम्या', मग थांबणं, मग परत 'बातम्या', मग परत. बऱ्याच वेळाने दार ढकललं तर पडद्यावर 'बाटल्या', आणि खाली बाटल्यांची चित्रं.

त्यांनी नव्या रिमोटकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि हाताने 'नाही' केलं. याला मी कळत नाही. जुन्याला कळायचो.

प्राचीला विचारलं तर म्हणाली, असं काही नसतं आई, रिमोटमध्ये नुसता माइक असतो, समजणारं वेगळंच. जुना काय, नवा काय, सारखंच. म्हणजे रिमोट नाही बदलला, जीभ बदलली. दोन आठवडे गप्प राहिल्याने मागे गेली. हे मी त्यांना सांगितलं नाही. रिमोटच वाईट आहे म्हटलं.

२१ नोव्हें., शुक्रवार

कॉलनीचे साळवे आले. जय भीम, वहिनी, आणि पाणीही न पिता मुद्द्यावर. २६ तारखेला संविधान दिन. दर वर्षी विहाराच्या हॉलमध्ये उद्देशिका भास्करदादाच वाचतात, एकेक ओळ, आणि सगळे मागून म्हणतात. यंदा दुसऱ्या कुणाला सांगू का? वाईट वाटून घेऊ नका, लोक खोळंबतात, पत्रिका छापायचीय.

विचारत होते मला. भा. हातभर अंतरावर बसलेले. मी म्हटलं, त्यांना विचारा. साळवे गोंधळले. मग खरंच मोठ्याने, बहिऱ्याला विचारावं तसं, "दादा, जमंल का?"

भा.नी खुर्चीचा हात धरला. उठून आतल्या खोलीत गेले. काठी न घेता, भिंतीला धरून. साळवे चपला घालता घालता हळूच म्हणाले, रविवारपर्यंत कळवा, नाहीतर मी दुसरं नाव टाकतो.

त्यांचाही दोष नाही. पण आज मला सगळ्यांचाच राग येतोय.

२२ नोव्हें.

शनिवारची शाळा करून आले. भा. नव्या रिमोटवर. गाणी नको, बातम्या नको. बटण दाबतात आणि एकच शब्द म्हणतात, उद्देशिकेतला पहिला, 'आम्ही'. पडद्यावर 'आम्ही' आलं. परत दाबलं, 'आई' आलं. परत, 'आंबे'. आंबे कसे कापावेत याचे व्हिडिओ. पुसून परत. मी चहा घेऊन जवळ गेले तर हाताने 'जा' केलं. गेले.

मंदाबाई सांगत होत्या, सकाळपासून तेच चाललंय, जेवण गार झालं.

२३ नोव्हें., रविवार

साळवेंना आज उत्तर द्यायचं. चारच्या सुमाराला भा.च्या समोर स्टूल घेऊन बसले. टीव्ही बंद केला. रिमोट त्यांच्या मांडीवर होता, तो तिथेच राहू दिला. विचारलं, अहो, साळवेंना काय सांगू?

बोलले. लांबलचक काहीतरी. एक शब्द कळला नाही.

म्हटलं, कळलं नाही, परत सांगा. परत सांगितलं. 'वाचतो' होतं की 'वाचव' होतं की आणखी काही. माझ्या ओठांवर 'वाचतो' आलं होतं, ते आत ठेवलं. म्हटलं, अजून कळलं नाही.

मान खाली घातली. मला वाटलं झालं, आता उठतील. उठले नाहीत. मी पण उठले नाही. गॅसवर दूध होतं, उतू गेल्याचा वास आला, तरी बसून राहिले. त्यांनी डोकं वर केलं, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

साळवेंचे दोन मिस्ड कॉल येऊन गेलेत. अजून उलट फोन केलेला नाही. यांचं सांगून व्हायचंय, आज मला घाई नाही.