ह्यांचं बोट

८ सप्टेंबर
उपाशीपोटी साखर २३१! काल चहात बुडवून दोन उंडे पाव खाल्ले, ते असे अंगावर आले. मशीनमधला आकडा माझ्या मोबाईलवर, तिथून थेट पर्वरीला गौरेशकडे. लगेच लेकाचा फोन — "आई, आनीक एकदा दोनशेंच्या वयर गेली तर येवन तुका व्हरतलंय!"
घेऊन जाणार म्हणजे त्याच्या फ्लॅटवर. सातवा मजला. गेल्या वर्षी पंधरा दिवस काढले. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. इथे हळर्णात निदान दार तरी उघडं असतं. नाही जायचं मला!

११ सप्टेंबर
सुई घेतली, पण टोचायचा धीर होईना. हे म्हणाले, "घे गो, माजा बोट घे. रगात ता रगात!"
९८. गौरेशने अंगठा पाठवला. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

६ ऑक्टोबर
पडद्यावर कोमल डॉक्टर. "छान हो, काकी! अशीच काळजी घ्या." शाबासकी ह्यांच्या बोटाला. माझ्या तळव्यांना मात्र सारख्या मुंग्या येतात. सांगू कशा? सांगितलं की पर्वरी.

१७ नोव्हेंबर
१४६! तेही ह्यांच्या बोटाचं! डॉक्टर रागावल्या — "पाव खाताय ना?" पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की तीन-तीन उंडे हे हाणतात, आणि बोलणी मी खायची!
"तहान फार लागते? रात्री उठावं लागतं?"
"नाही हो," म्हटलं. माझ्या पाठीमागे हे तांब्या तोंडाला लावून घटाघट पाणी पीत होते. फोन संपल्यावर मी ह्यांच्यावर वसकन ओरडले — जरा बाजूला तरी व्हायचं, दिसताय की!

१८ नोव्हेंबर
गोळी वाढवून दिली. ह्यांच्या आकड्याची गोळी माझ्या पोटात. माझं खरं किती, ते आता मलाही ठाऊक नाही. बघायची भीती वाटते.

१४ डिसेंबर
ह्यांची विजार कमरेवर राहत नाही. नाडी आवळत म्हणतात, "वय झाला." हल्ली रात्री तीनदा उठतात.

१५ डिसेंबर
२८७. ह्यांना हात साबणाने धुवायला लावले. दुसरी पट्टी. २९१.
गौरेशचा फोन वाजत होता. उचलला.
"ये, पुता. ता बोट माजा न्हय. इतके दीस बाबांचा. दोगांकय व्हर."