लेकरू उपाशी हाय

३ मार्च, सोमवार
आजपासून मी आरोग्यसेविका! सकाळी उपकेंद्रात रुजू झाले. गोरेगावहून जीपने वीस मिनिटं, मग थोडं चालत. उपकेंद्राची राहायची खोली गळकी निघाली, म्हणून आशाताईंनी रस्त्यापलीकडच्या एका आखाड्यावर सोय लावून दिली. शेतातलंच घर, पुढे शहाबादी फरशीचं अंगण. हळद शिजवायचे दिवस आहेत. वारा कुठूनही आला तरी तोच वास.

घरमालकीण केशरबाई, विधवा, पन्नाशीच्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की दर आठवड्याला रक्ताच्या गोळ्या देत जा, सिस्टरबाई. मला हसूच आलं. एरवी बाया या गोळ्या उकिरड्यावर फेकतात.

पुनम सोबत आहे, हे सगळ्यात बरं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता एकवीसची झाली, पोलीस भरतीसाठी रोज पाच किलोमीटर पळते, तरी वेणी घालायला माझ्याचपुढे बसते. संध्याकाळी नव्या मशीनवर हात बसावा म्हणून तिचं हिमोग्लोबिन पाहिलं. १२.८. लगेच दंड फुगवून दाखवला वेडीने.

९ मार्च, रविवार
केशरबाईंना मुलगा आहे, वसराम. सुट्टी असल्याने आज दुपारी घरी होते, म्हणून दिसला. पंचविशीचा, देखणा, पण ओठसुद्धा पांढरे. पुनम सांगते, दिवसभर आतल्या खोलीत निजतो आणि ऐन बारा वाजता, माणसं सावलीत पळतात तेव्हा, अंगणात येऊन बसतो. अंगात ऊब टिकत नाही म्हणाला. नाडी बघते म्हटलं तर हात मागे घेतला. जेवताना त्याला पुनमनेही एकदाही पाहिलेलं नाही. आजार जुना दिसतो. केशरबाईंना विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

पुनमने मात्र त्याला बोलतं केलं. ती पळण्याच्या गप्पा मारते, तो ऐकतो. चांगलं आहे.

१८ मार्च, मंगळवार
पुनम आता दुपारी अभ्यासाचं पुस्तक घेऊन अंगणातच असते. वसराम तिच्यापासून चार हात लांब बसतो. ती सरकली की तोही सरकतो. आज वेणी घालताना मी सरळ विचारलं, तेव्हा लाजली. म्हणाली, तो सारखा सांगतो की माझ्या जवळ येऊ नको, आणि म्हणूनच मला तो आवडतो. मी तिला रागावले नाही. आईच्या जागी असले तरी आई नाही मी.

काळजी केशरबाईंची वाटते. आज चूल फुंकता फुंकता कोसळल्या. हिमोग्लोबिन ५.१. इतक्या गोळ्या खाऊन! डाव्या कोपराच्या आत टोचल्याच्या खुणाच खुणा. विचारलं तर म्हणाल्या, काटं लागलं.

२१ मार्च, शुक्रवार
केशरबाईंना हिंगोलीला पाठवलं. त्या जायला तयारच नव्हत्या. जीपमध्ये बसवताना माझे पाय धरले त्यांनी. "बाई, मला नका नेऊ. लेकरू उपाशी हाय माझं." मी म्हटलं, मावशी, आम्ही दोघी आहोत, त्याला गरम गरम जेवू घालू. तशा माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावला.

तिथे चार बाटल्या रक्त चढवणार आहेत. वेळेवर पाठवलं म्हणून डॉक्टरांनी शाबासकी दिली. आज झोप छान लागेल.

२५ मार्च, मंगळवार
वसरामने दाराला आतून कडी घातली आहे. पुनम भाकरी घेऊन गेली की म्हणतो, ताट ठेव आणि जा. ताट तसंच राहतं. मी लसीकरणात अडकलेय, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. दवाखान्यातून केशरबाईंचा रोज फोन. रोज एकच. मला घरी सोडा.

आणखी आठ दिवस तरी नाही, असं मी सांगितलं. त्यांच्याच भल्यासाठी.

३० मार्च, रविवार
आज पाडवा. वसराम बाहेर आला. ओठांना रंग होता, पुनमकडे बघून हसलासुद्धा. मला बरं वाटलं. पुनम पळायला गेली नव्हती. पाळी आहे म्हणाली. नवीन कुडता घातला होता तिने, या उन्हात पूर्ण बाह्यांचा.

३ एप्रिल, गुरुवार
हात चालत नाही. तरी लिहिते.

दुपारी वसराम रस्ता ओलांडून उपकेंद्रात आला. पुनमला उचलून आणलं होतं. म्हणाला, "ताई, हिला वाचवा. मला थांबता आलं न्हाई." मी बाही वर केली. कोपराच्या आत खुणा. मशीनवर ३.४. पुन्हा पाहिलं. ३.४.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळं तिनेच सांगितलं, तुटक तुटक. तो आधीच मेलेला आहे, आईच्या रक्तावर उभा आहे. आई दवाखान्यात गेल्यावर पाच दिवस त्याने दार उघडलं नाही, आतून भिंतीवर डोकं आपटत होता. मग हिने कडी काढायला लावली. "त्याला बोलू नको, ताई. मीच हात पुढं केला." मी म्हटलं, गप राहा, बोलू नको. हे मी का म्हटलं? बोलू द्यायचं होतं.

सेनगावच्या अलीकडे गेली.

५ एप्रिल
काल पुरलं. बिनलग्नाची, म्हणून पुरली. आखाड्याच्या बांधाला. गावाला उन्हाचा झटका सांगितलं. माझ्या हाताने वेणी घातली.

केशरबाई भांडून घरी आल्या. अंगात चार बाटल्या रक्त, गाल भरलेले. माझ्यासमोर बसून सगळं बोलल्या. वसराम तीन सालाखाली तापाने गेला, तिकडे औंढ्याकडच्या तांड्यात. नवव्या दिवशी भर दुपारी दाराशी उभा, आई म्हणून हाक मारली. कोणती आई दार लावील, म्हणाल्या. तांडा सोडून इथं आल्या, इथं त्याचं मरण कुणाला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, मला आधीच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं व्हतं की, बाई."

हो. सांगितलं होतं. पाय धरून.

७ एप्रिल
केशरबाई त्याला हात देतात, तो तोंड फिरवतो. आता कुणाचंच घेणार नाही म्हणतो. त्या रडतात, मारतात, घास भरवावा तसा कोपर त्याच्या तोंडाशी नेतात. मी दारात उभी राहून बघते. मला त्याचा राग यायला हवा. येत नाही.

९ एप्रिल
वसराम संपला. बाराच्या उन्हात अंगणात बसूनच. शेवटी मला जवळ बोलावलं. म्हणाला, "ती उठंल, ताई. दार उघडू नका. तिला एकदा रगत दिलं की तुमाला मरता येणार न्हाई, अन तिलाबी."

केशरबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, तर मांडीवर काहीच नव्हतं. नुसता सदरा आणि माती.

११ एप्रिल
केशरबाई आज तांड्यात परत गेल्या. मलाही चल म्हणाल्या. मी उपकेंद्र कसं सोडू, म्हटलं. त्या समजल्या. जाताना माझा उजवा हात धरून हळूच सांगून गेल्या, "हा नका देऊ. हा कामाला लागतो."

जीप गेल्यावर रडले. पुनमला पुरून उद्या नववा दिवस.

१२ एप्रिल
सुट्टी टाकली. दार लावलं. कडी, वर अडसर.

गोरेगावला निघून जायचं ठरवलं होतं सकाळी. पिशवीसुद्धा भरली. गेले नाही.

पावणेबारा. बाहेर पानही हलत नाही.

बारा—

पावलं. अनवाणी. ती नेहमी टाच आधी टेकते, ओळखू येते.

हाक मारली. आवाज तिचाच. तिचाच आहे.

उघडणार नाही. वसरामने सांगितलंय. तिच्यासाठीच नाही उघडायचं. नाही—

रडतेय. म्हणते, ताई, मी काय केलं, दार का लावलंस. केसांत माती गेली म्हणते, विंचरून दे.

नाही

दाराच्या फळीखालून पाय दिसतात. उचलतेय, ठेवतेय, उचलतेय. फरशी तापलीय. नऊ वर्षांची असताना शाळेतून चप्पल हरवून आली होती, तेव्हा अशीच— मीच कडेवर—

थांब गं. पोळतील पाय. सावलीत हो, आले, आले मी, अडसर तेवढा