सांगाड्यांच्या किनाऱ्यावर अनवाणी

४ जून, माहुल.
नात नमिता टुरिस्ट कंपनीत आहे. आफ्रिकेतली एक टूर तिला बघून यायचीय. छोट्या विमानातून वाळवंटाचा किनारा दाखवतात. सोबत एक माणूस फुकट. मैत्रीण ऐनवेळी फिरली, म्हणून मी. मला हौस नाही. सीट वाया जायला नको.

एअरपोर्टच्या वाटेवर माझा लेक अल्पेश पुन्हा सुरू. आये, पोरीच्या लग्नाआधी बाबाचं क्रियाकर्म उरकू, गवताचा पुतळा करून. बोट घेऊन गेला त्याला सव्वीस वर्षं झाली. मी म्हटलं, बॉडी दाखव, मग पेटव काय ते. बोटीची फळीसुद्धा आली नाही. नमीचा आजा मेलेला नाही. रुसलाय. तो जाताना मीच बोलले होते, रिकाम्या हाताने आलास तर दार उघडणार नाही. माझी बोलायची पद्धतच तशी. एवढं मनाला लावून घ्यायचं?

७ जून, नामिबिया.
विमान टेम्पोएवढं. पायलटच गाईड. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू. झाड नाही, माणूस नाही. नमी म्हणाली, याला सांगाड्यांचा किनारा म्हणतात, फुटलेल्या बोटी इथे लागतात.

ठरवलं, खाली बघायचं नाही.

पाच बोटी बघितल्या. सगळ्या लोखंडी. आपली लाकडाची. नमी म्हणाली, आजी, माहुलची बोट इथे कशी येईल? म्हटलं, तुझ्या आजाला रस्ता विचारायची सवय नव्हती.

८ जून.
खाली उतरलो. धुकं असं की नमी चार पावलांवर दिसेना. चपला काढून पिशवीत टाकल्या. समुद्रावर आम्ही चप्पल घालून जात नाही. पायलट ओरडला. नमीने सांगितलं, खडीवर चालू नकोस म्हणतो, इथे पाऊस नाही, ठसा पन्नास वर्षं राहतो. म्हटलं, आमच्याकडे रस्ता पन्नास दिवस राहत नाही. आणि गेले.

गुडघा धरलाय, डावा पाय बाहेर पडतो. विमानाच्या सीटमुळे. वयाचा संबंध नाही.

हाक मारायची नाही, ठरलं होतं. एकदाच मारली. म्हटलं, दार उघडंच आहे. बरं, तीनदा. धुक्यातून कोणी खोकलं. नमी म्हणाली, सील आहेत, प्राणी. असतील. तो पण असाच खोकायचा.

९ जून, दुपारी १२.
सापडला!

कालचीच जागा. धुकं गेलंय. खडीत पावलं आहेत. अनवाणी! इथे सगळे बूटवाले. आणि डावं पाऊल बाहेर. नांगर पडून त्याचा पाय तसाच झाला होता. आता मागावर जाते. आधी शिव्या, मग पाणी.

दुपारी २.
पावलं गोल फिरून विमानाच्या चाकांपाशी आली. पायलट काहीतरी बोलला. नमी सांगेना. दरडावलं तेव्हा म्हणाली, आजी, काल तुला नको म्हटलं होतं ना इथे चालू, असं म्हणतो तो.

तरी पाय ठेवून बघितला. बरोबर बसला.

१० जून, परतीच्या वाटेवर.
आज कुंकू लावलं नाही. आरसा नव्हता. होता, पण लहान.

नमीला सांगितलं, बापाला फोन कर. गवत आणून ठेव म्हणावं. जास्त नको, बारीकच होता तो. आणि पुतळ्याचा डावा पाय जरा बाहेर काढा. नाहीतर सरळ करून ठेवाल.