चारवरचा पंखा

कायानी,
१६ जानेवारी १९९४, रविवार

प्रिय ओइवादादास,
सायमीचा सा. न. वि. वि. उणे अठ्ठावीसात जितकं खुशाल राहता येतं तितके आम्ही दोघं आहोत. तू समुद्रकाठी अनवाणी फिरतोस हे बाबांना वाचून दाखवलं. बस डेपोतला मेकॅनिक निवृत्त झाला की लाजही डेपोतच ठेवून येतो, म्हणाले.

तू मागे ठेवलेली गाडी रुसली आहे. हीटरचा पंखा एक, दोन, तीनवर ढिम्म हलत नाही. चारवर मात्र विमान सुटल्यासारखा ओरडतो. बंद ठेवला तर काचेवर आतून बर्फ. म्हणून चर्च आणि आईच्या थडग्यापर्यंतची चाळीस मिनिटं दर रविवारी चारवरच. मागचं दाखवणारा आरसाही सारखा वाकडा होतो. मला रस्त्याऐवजी बाबांची टोपी दिसते. गुडघा दुमडत नाही म्हणून ते मागच्या सीटवर पाय लांब करून बसतात.

गाडीच्या तक्रारीआड मी खरी गोष्ट लपवते आहे का, असा संशय आल्याने तीही लिहिते. एन्सिओने लग्नाचं विचारलंय. पियानो सुरात लावणारा, उन्हाळ्यात तुला भेटला होता तो. (आपला पंखा अर्धा सूर उतरलाय, असं तो कळवळून सांगतो.) होय म्हटलं तर कुओपिओला जायचं, आणि ब्याऐंशी वर्षांचे बाबा घरात एकटे. उत्तर फेब्रुवारीअखेर द्यायचंय. घरी गंभीर विषय निघाला की बाबा अंघोळीचा सौना तापवायला उठतात. गाडीतून उठून जाता येत नाही, म्हणून तिथेच सांगणार होते. पण चारवर सांगायचं तर किंचाळावं लागेल. ही गोष्ट मला किंचाळून सांगायची नाही.

काय करू ते कळव. पंख्याचं तरी.
तिकडच्या उन्हाइतका लोभ इकडे वळव.
तुझी, सायमी

फुएनहिरोला,
२३ जानेवारी

चि. सायमीस,
अनेक आशीर्वाद. बाबांना सांग, मी चप्पल घेतली आहे.

फ्यूज आणि मोटर ठीक आहेत, नाहीतर चारवरही चालला नसता. चारवर वीज थेट पंख्याला जाते. एक ते तीनवर ती आधी रेझिस्टरमधून जाते, तिथे तिला अडवून वेग कमी करतात. तोच जळलाय. पुढच्या सीटसमोरचा खण काढ, पंख्याजवळ दोन स्क्रूंवर बसवलेला दिसेल. त्याचा प्लग वितळलाय का बघ. पंखा हाताने फिरवून बघ. जड फिरला तर आत कचरा आहे आणि नवा रेझिस्टरही जळेल. आरशाचा स्क्रू ढिला असणार. चांगला आवळ.

मग एकावर लाव आणि शांतपणे सांग. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने बापाला घाबरावं, तेही जो तिने केलेल्या लापशीला घाबरतो त्याला, हे मला पटत नाही.

ऊन पाकिटात मावेना. लोभ मावला, तो पाठवतो.
ओइवा

कायानी,
१३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ओइवादादास,
सा. न. वि. वि. काल पंखा दुरुस्त केला. आत उंदराने बाबांच्या हरवलेल्या लोकरी मोज्याचं घर केलं होतं, तोच मोजा ज्यावरून मी वर्षभर ऐकून घेतलं. घर काढलं, रेझिस्टर बदलला, आरसा आवळला. आता चारही वेग चालतात.

एक कबुली द्यायची आहे. आधी तुझ्या पत्राची, मग पार्टची वाट बघताना तीन रविवार मी गाडी चालवता चालवता, पंख्याच्या आवाजात, सगळं बोलून टाकलं. एन्सिओचं, कुओपिओचं, बाबांना टाकून जाण्याच्या भीतीचं. बाबा मागेच होते. याला सराव म्हणावं की भेकडपणा, हे ठरवता आलं नाही.

आज एकावर लावला. इतकी शांतता की बाबांचा श्वास ऐकू येत होता. चाळीस मिनिटं मी थडग्यावरच्या मेणबत्तीबद्दल बोलले. तेही दोनदा, पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही.

एन्सिओला नकार लिहून ठेवलाय. तिकीट अजून लावलेलं नाही.
रागावलास तरी लोभ काढून घेऊ नकोस.
सायमी

कायानी,
२० फेब्रुवारी

चि. ओइवास आशीर्वाद.
तुला लिहिलेलं हे माझं दुसरं पत्र. पहिलं तू सैन्यात असताना लिहिलं होतं, बूट मागायला.

चाळीस वर्षं मी मिलमध्ये करवतीशेजारी उभा राहिलो. तिथे कानाने कुणीच ऐकत नसे. आम्ही ओठ वाचायचो. गाडीतही सायमीचं तोंड दिसावं म्हणून आरसा मीच वळवायचो. पहिल्या रविवारी ती अडखळली, दुसऱ्या रविवारी रडली, तिसऱ्या रविवारी चांगलं बोलली. पण ती मला सांगत नव्हती, म्हणून मी मधे बोललो नाही.

मग तुम्ही दोघांनी मिळून पंखाही दुरुस्त केला आणि आरसाही. शांततेत माझे कान चालत नाहीत आणि तिची जीभ चालत नाही.

आज गुडघ्याला शिव्या देत पुढे बसलो. पुलापाशी तिला गाडी कडेला घ्यायला लावली, पंखा चारवर केला आणि म्हटलं, आता माझ्याकडे बघून सांग. तिने सांगितलं. मी ओरडून म्हटलं, जा. तू गेलीस की रेडिओ मोठ्याने लावता येईल, कधीचं मनात आहे. हे खोटं होतं. पण तिला ओठ तेवढे वाचता येत नाहीत, चेहरा तर त्याहूनही नाही.

नकाराच्या पत्राने सौना पेटवला. एन्सिओने दर रविवारी येऊन मला चर्चला न्यायचं, चारवर, अशी अट मी घातली आहे. सुरांचा माणूस आहे, सोसेल.

लोभ एकावर असला तरी चालेल, पण चालू असावा.
तुझा बाप, एमेली