धनजचा ताप म्हणे!

॥ श्री ॥
मंगरूळपीर, आश्विन वद्य २, शके १८४०

गं. भा. गोजराबाई हिस शालिग्रामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडे अजून आपल्या पायांवर उभे आहोत. तुझी वहिनी काढा करते आणि मी नाक धरून पितो. तुझा सालदार देवला मुगाची गाडी घेऊन इथल्या बाजारात आला, इथेच आडवा झाला आणि गेला, याचं फार वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून घरोघरी ताप आहे आणि बाजार त्याला धनजचा ताप म्हणतो. कचेरीत साहेब मुंबईचा ताप म्हणतात, पण मुंबई लांब पडते आणि धनज जवळ.

आता मुद्द्याचं. काल उकंडराव आले होते. त्यांच्या रामकिसनसाठी तुझी प्रयाग पसंत आहे, सुपारी फुटली आहे, हे त्यांना मान्य आहे. पण भाऊबंद म्हणतात की धनजची पोरगी आणली तर ताप घरात आणला. माझं ऐक, प्रयागला इकडे पाठव. लग्न माझ्या दारातून लावू, लग्नचिठ्ठीत मंगरूळच लिहू, धनजचं नाव काढायचंच नाही. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, तुझा तिखटपणा जरा डब्यात ठेव.

लोभ आहे तो वाढव.
तुझा दादा, शालिग्राम

धनज, आश्विन वद्य ९

ती. दादांच्या पायांशी गोजराचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीच्या काढ्याला नाक धरता, माझ्या तिखटाला काय काय धराल? राग आला आहे, तो आधी लिहिते. देवला इथून निघाला तेव्हा धडधाकट होता. मुगाला बरा भाव यावा म्हणून तुमच्या बाजारात मुक्काम पडला आणि तिथे आजारला. मंगरूळचा ताप असं मलाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण तो कुठून आला हे मला ठाऊक नाही आणि तुमच्या बाजारालाही नाही. आमचं माणूस गेलं आणि वर गावाला नाव ठेवून घेतलं.

इकडे पुंजाजी पाटलांनी मरीमायचा गाडा केला. मायला हिरव्या बांगड्या, लिंबू, नारळ वाहून गाडा शिवेपार ढकलायचा, मग पुढच्यांनी त्यांच्या शिवेपार, ही रीत तुम्हाला माहीत आहे. आमच्या शिवेपलीकडे रूपला नायकाचा बंजारा तांडा. पाटील म्हणाले की बाई, गाडा तिकडं गेला का ताप तांड्याचा होते, मंग तुया पोरीचं लगन कोन मोडते? खोटं कशाला सांगू, दादा, गाड्याला मीही हात लावला.

शिवेवर रूपला एकटाच उभा होता. तो हात जोडून म्हणाला की आमच्यात गाडा ढकलाले एक बी मानूस उभं राह्यलं नाही, तुमीच अजून थोडा पुढं नेऊन द्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाकापुढे बसले आणि म्हटलं की गाडा इथून हलणार नाही. पाटील म्हणाले की बाई याडी झाली, साऱ्या गावाचं वाटोळं करून राह्यली. म्हणोत. गाडा मी घराकडे वळवला, मरीमाय आता माझ्या अंगणात आहे आणि मी नि प्रयाग रोज तांड्यात पेज पोचवतो.

प्रयाग तिकडे येणार नाही. वहिनीस नमस्कार. रागावलात तरी लोभ सोडू नये.
आपली, गोजरा

मंगरूळपीर, कार्तिक शुद्ध ५

गं. भा. गोजरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

ताप उतरणीला लागला. मधल्या काळात उकंडरावांचं अख्खं घर आजारलं, रामकिसनसुद्धा. आता सगळे बरे आहेत, पण शेजारीपाजारी त्याला उकंडरावाच्या बोळाचा ताप म्हणतात आणि त्यांच्या विहिरीवर कोणी फिरकत नाही. त्यामुळे ते नरमले आहेत. मार्गशीर्षातला मुहूर्त धरायला तयार आहेत. अट एकच, लग्न इथे आणि धनजचं नाव कुठेही नको. तुझी वहिनी तुझ्या बाजूची झाली आहे, माझ्याशी धड बोलत नाही. तरीही सांगतो, दारात आलेली सोयरीक परतवून लावू नकोस. एवढं भावासाठी कर.

तुझा दादा, शालिग्राम

धनज, कार्तिक शुद्ध ११

ती. दादांस गोजराचा शि. सा. न. वि. वि.

उकंडरावांच्या बोळाचं वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. इथली पोरं मंगरूळचा ताप म्हणून ओरडत होती, त्यांना चिंचेचा फोक दाखवून गप्प केलं. आपल्याला जे झोंबलं ते दुसऱ्याला कशाला लावायचं?

लग्नाचं मी एकटीने ठरवलं नाही. जन्म प्रयागचा, म्हणून तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि ही सोयरीक गेली तर दुसरी येईलच असं नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली की मामाले लिव, चिठ्ठीत पयलं नाव धनजचं पायजे. वरात शिवेवर आली का मी सोता पानी घेऊन जाईन, ज्याच्या घशाखाली आमचं पानी उतरते त्यानंच पुढं यावं. घरी बसीन, पन गाव लपवून नांदाले जानार नाही. मला रडू आलं. ती मात्र चुलीवरची पेज ढवळत राहिली.

रूपला आणि तांड्यातली बरी झालेली माणसं आज मांडवाच्या मेढी तोडून घेऊन आली. न बोलावता आली. मेढी दारात पडल्या आहेत. पुरायच्या की नाही, तेवढं रामकिसनला विचारून कळवा. त्याच्या बापाला नको, त्यालाच विचारा. मांडव कुठे, हे मात्र विचारायचं नाही.

लोभ करायचा तो धनजच्या पत्त्यावर करावा.
तुमची, धनजची गोजरा