तारेआडची हाक

३ तारीख
लागलो एकदाचा कामाला. सोलर प्लँटवर पाट्यांच्या काचा पुसायच्या, चौदा हजार. घरी स्वतःचं ताट कधी उचललं नाही, देवानं बरोबर गाठलं. ताई म्हणाली रोज लिही, अक्षर तरी सुधारेल. खोली पत्र्याची, पण पंखा आहे. सगळं कुरण कुंपणात गेलंय. मेंढरांना पाण्यावर जायला दोन तारांमधून एक बोळ तेवढा ठेवलाय. तिथून दुपारी एक आजोबा कळप नेतात. “ड्रिर्र हाऽऽ” केलं की दोनशे डोकी एकदम वळतात.

६ तारीख
हाक जमली. साहेबांच्या मागून दिली तर तेही वळले. सगळे पोट धरून हसले.

७ तारीख
आज तारेआडून दिली. बोळाला एक फाटा आहे, पुढे नुसता बंद कोपरा. वाटलं, आजोबांची जरा पळापळ, गंमत. मेंढरं कोपऱ्यात घुसली. पुढची थांबली, मागची थांबेनात, वर चढत गेली. एकतीस गुदमरली. मी पाट्यांमागे वाकून बसलो होतो.

९ तारीख
आजोबा सांगत फिरतात, वय झालं, चुकीची हाक माझ्याच तोंडून गेली. आता हाक मारत नाहीत. त्यांची सून म्हणाली, जेवतही नाहीत. खरं सांगायला गेलो होतो. तिच्या हातचं पाणी पिऊन परत आलो.
साहेबांनी तार ओढून बोळच बंद केला. अपघात नकोत म्हणे. कळपाला आता दोन कोसांचा वळसा.

१२ तारीख
भर दुपारी. काच पुसून पुढे गेलो की मागच्या काचेवर ओल्या नाकांचे ठसे. पुसले. परत उठले. एकतीस.

१४ तारीख
तोंड उघडलं की पाट्यांखाली खुरं वाजतात. ताईला फोन लावला, नुसतं हॅलो म्हटलं – खुरं जवळ आली. ठेवला. साहेब विचारतात, वटवट्याची दातखीळ का बसली.

१५ तारीख
आजोबांना सांगून टाकलं. मारतील वाटलं. त्यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, “तुझ्या हाकेवर गेली, आता तुझीच आहेत. तहानलेली होती रे. पाण्यावर ने त्यांना.”

दुपार
हाक दिली. आली. दिसत नाहीत – गवत दबतं. बोळाच्या तोंडाशी आलोय. तार जाड, पक्कड लहान. मी थांबलो, पुढची थांबली –

मागची नाही.

मदतीला ओरडावं तर आणखी येतात. म्हणून लिहितोय. पाठीवर गरम लोकर – साहेब, बोळ उघडा. आणि सगळ्यांना सांगा, आजोबांची हाक चुकली नव्हती, ती मी –